बेकार कोण, कामकरी कोण?
(श्रमबलाची आकडेवारी कशी घडते, याविषयी एका विद्यार्थ्याची टिपणे)

'भारतातील बेकारीचा प्रश्न' हे प्रकरण बारावीपासून आम्ही पाठ करीत आलो आहोत. बेकारीचे प्रकार, कारणे आणि उपाय यांवर पाच मुद्दे लिहायचे, टक्केवारीचा एक आकडा टाकायचा आणि दहा गुण मिळवायचे. तो आकडा कोणी, कुठे आणि कसा मोजला, हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता. तो पडला 2025 च्या जुलै महिन्यात आणि तोही वर्गात नव्हे, आमच्या घराच्या ओसरीवर.

आमचे गाव बार्शी तालुक्यात आहे. त्या दिवशी हातात टॅब घेतलेले एक गृहस्थ घरी आले. दोन दिवसांपूर्वी त्यांनी गावात फिरून घरांची यादी केली होती आणि त्या यादीतून जी बारा घरे निघाली त्यांत आमचे एक होते. ते राष्ट्रीय नमुना पाहणीचे अन्वेषक होते. वडिलांचा पहिला प्रश्न साहजिकच होता, "ह्यात अनुदान काय मिळतं का?" अन्वेषकांनी हसून सांगितले, की काही मिळत नाही, आणि तुमचे नावही कुठे छापले जात नाही. मग एकेका माणसाविषयी प्रश्न सुरू झाले.

वडिलांचे सोपे होते. स्वतःची चार एकर शेती. मग आईची पाळी आली.

"त्या काय करतात?"

"ती काय करती? घरीच असती," वडील म्हणाले.

आई त्या वेळी गोठ्यात होती. अन्वेषकांनी तिकडे एक नजर टाकली आणि विचारले, "म्हशी किती?"

"दोन."

"धारा कोण काढतं? दूध डेअरीला कोण घालतं?"

"तीच की."

"खुरपणीला कोण जातं?"

वडील क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "तसं म्हटलं तर तीच जाती."

अन्वेषकांनी टॅबवर काहीतरी टिपले. मी डोकावून पाहिले, तर '21' हा आकडा होता.

पुढे दादाची पाळी. दादा बी. ए., बी. एड. आहे. शिक्षक भरतीची वाट पाहत त्याची चार वर्षे गेली आहेत. तो स्वतःच पुढे होऊन म्हणाला, "मी बेकार आहे. तसंच लिहा." अन्वेषकांनी शांतपणे विचारले, "गेल्या सात दिवसांत शेतात काही काम केलं?" दादाने सांगितले, की तीन दिवस कोळपे धरले होते. मग वर्षभरातले महिने मोजून झाले. शेतात किती, नोकरीच्या शोधात किती, असा हिशेब निघाला आणि दादाच्या नावापुढेही '21' हाच आकडा पडला.

त्या रात्री दादा नीट जेवला नाही. "चार वर्षं ज्याच्यासाठी झुरतोय ती नोकरी नाही आणि सरकारच्या कागदात मी कामाला लागलोय," एवढेच तो म्हणाला. आईला मात्र मी सांगितले, की तुला कामकरी म्हणून लिहिले आहे, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "कुणीतरी लिहिलं बाई एकदाचं."

एकाच घरात एकाच आकड्याने एकीचा मान राखला आणि दुसऱ्याचा अपमान केला. असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी मी ग्रंथालयात बसलो. प्राध्यापकांना विचारले, अहवाल उलगडले. जे समजले ते माझ्या वाचक मित्रांसाठी येथे मांडतो.

शिरगणती आणि शिताची परीक्षा

माणसे मोजण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे जनगणना. 1881 पासून आपल्याकडे दर दहा वर्षांनी ती होत आली. 2021 ची मात्र वेळेवर झाली नाही, आणि पुढची जनगणना 2027 ची करण्याचे ठरले. जनगणनेत प्रत्येक घर येते. पण दहा वर्षांतून एकदा, आणि प्रगणकाजवळ प्रत्येक घरासाठी वेळ थोडा. काम काय, किती दिवस, कोणत्या मोबदल्यावर, असे खोदून विचारणे तेथे शक्य नसते.

म्हणून दुसरा मार्ग निघाला, तो नमुना पाहणीचा. आपल्या म्हणीत सांगायचे तर शितावरून भाताची परीक्षा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या लागवडीचा अंदाज नमुना पद्धतीने काढून दाखविला होता. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे तिचे सदस्य होते. देशाचे उत्पन्न मोजायला बसल्यावर लक्षात आले, की त्यासाठी लागणारी माहितीच नाही. त्या गरजेतून 1950 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली.

पण शितावरून परीक्षा करायची, तर शीत कुठले घ्यायचे याला महत्त्व आहे. वरचा भात शिजलेला आणि तळाचा करपलेला असू शकतो. म्हणून आधी पातेल्याचे थर पाडावे लागतात. पाहणीतही जिल्हे, ग्रामीण आणि शहरी भाग असे थर पाडतात. मग प्रत्येक थरातून यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी काढल्याप्रमाणे, गावे किंवा शहरी गट निवडतात. हा पहिला टप्पा. निवडलेल्या गावात सर्व घरांची यादी करून त्यांतून काही घरे पुन्हा यदृच्छेने निवडतात. हा दुसरा टप्पा. कोणाचे घर घ्यायचे हे अन्वेषकाच्या मर्जीवर नसते, सरपंचाच्या तर नाहीच. निवडलेल्या घरी माणूस भेटला नाही म्हणून शेजारच्याला विचारून मोकळे होता येत नाही. या पद्धतीचे सारे बळ या शिस्तीत आहे.

मग बारा घरांवरून गावाचे कसे कळणार? सोपे उदाहरण घेऊ. एखाद्या गावात 180 घरे आहेत आणि त्यांतून 12 निवडली, तर प्रत्येक निवडलेले घर 15 घरांच्या वतीने बोलते. ते गावही त्या थरातील कित्येक गावांच्या वतीने निवडलेले असते. म्हणजे एका घराच्या उत्तराला गुणक लागतो आणि तो हजारोंच्या घरात जाऊ शकतो. माझे वडील 'घरीच असती' म्हणाले तेव्हा ते केवळ माझ्या आईविषयी बोलत नव्हते, तर अशा असंख्य आयांविषयी बोलत होते. हे समजल्यावर माझ्या अंगावर काटा आला.

प्रश्न बदलला की माणसे नाहीशी होतात

मोजणी कोणत्या प्रश्नाने होते यावर आकडा किती अवलंबून असतो, याचे ठळक उदाहरण आपल्याच जनगणनेत आहे. 1961 मध्ये कामकरी कोणाला म्हणायचे याची व्याख्या सैल होती. हंगामी कामात हंगामाचा बहुतेक काळ दिवसाला तासाभराहून अधिक नियमित काम केले, तरी ती व्यक्ती कामकरी धरली गेली. 1971 मध्ये प्रश्न बदलला आणि 'तुमचे मुख्य काम कोणते?' असे विचारले गेले. घर आणि शेत दोन्ही सांभाळणाऱ्या बाईच्या वतीने उत्तर मिळाले, 'घरकाम'. परिणाम काय झाला? 1961 मध्ये देशात सुमारे 6 कोटी स्त्रिया कामकरी होत्या, त्या 1971 मध्ये सुमारे 3 कोटी उरल्या. दहा वर्षांत तीन कोटी बायकांनी खुरपे खाली ठेवले नव्हते. फक्त प्रश्न बदलला होता.

1981 मध्ये चूक सुधारण्यासाठी मुख्य कामकरी आणि सीमांत कामकरी असे दोन वर्ग केले. वर्षातले 183 किंवा अधिक दिवस काम केलेला मुख्य, त्याहून कमी केलेला सीमांत. 1991 च्या प्रश्नात तर शेतावर किंवा घरच्या धंद्यात विनामोबदला केलेले कामही धरावे, अशी स्पष्ट सूचना घालण्यात आली. अन्वेषकांनी म्हशींविषयी का विचारले, याचे उत्तर मला येथे मिळाले.

दांतवाला समिती आणि तीन फूटपट्ट्या

बेकारी मोजण्याची अडचण याहून अवघड आहे. कारखान्यातला कामगार कामावरून निघाला की बेकार होतो, परत लागला की कामकरी होतो. तेथे रेषा स्पष्ट असते. पण आपल्याकडे बहुसंख्य लोक स्वतःच्या शेतीत किंवा घरच्या धंद्यात असतात किंवा रोजंदारी करतात. शेतकरी कधी बेकार होतो? दोन माणसांचे काम चौघांनी वाटून घेतले, तर बेकार कोण? मजूर चार दिवस कामावर आणि तीन दिवस घरी असेल, तर त्याला कोणत्या रकान्यात घालायचे?

या प्रश्नांचा विचार करण्यासाठी मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली 1968 मध्ये तज्ज्ञ समिती नेमली गेली. तिचा अहवाल 1970 मध्ये आला. आपल्यासारख्या अर्थव्यवस्थेत सारी बेकारी एका बेरजेत कोंबता येणार नाही, असा तिचा निष्कर्ष होता. त्यानंतर 1972-73 मध्ये, म्हणजे महाराष्ट्र भयंकर दुष्काळ सोसत होता त्याच काळात, नमुना पाहणीच्या 27 व्या फेरीत रोजगार आणि बेकारीची पहिली मोठी पंचवार्षिक पाहणी झाली. तिच्यापासून तीन फूटपट्ट्या वापरात आल्या.

पहिली, नेहमीची स्थिती. मागील 365 दिवसांत माणूस अधिक काळ कशात होता ते पाहायचे. शिवाय 30 किंवा अधिक दिवस दुय्यम काम केले असेल, तर तेही धरायचे. दुसरी, चालू साप्ताहिक स्थिती. मागील सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी निदान एक तास काम केले असेल, तर माणूस कामकरी. एक तासही काम केले नाही, पण कामाच्या शोधात होता किंवा काम करण्यास तयार होता, तर बेकार. दोन्ही नसेल, तर तो श्रमबलाच्या बाहेर. तिसरी, चालू दैनिक स्थिती. यात माणूस मोजत नाहीत, अर्धे दिवस मोजतात. चार तास किंवा अधिक काम म्हणजे पूर्ण दिवस, एक तास ते चार तासांच्या आत म्हणजे अर्धा दिवस. मजुराची रिकामी दुपार फक्त या तिसऱ्या फूटपट्टीला दिसते.

एक तासाची अट ऐकून दादा संतापला होता आणि मलाही ती प्रथम हास्यास्पद वाटली. पण ती आपल्या सरकारने एकट्याने काढलेली नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1982 च्या सांख्यिकी परिषदेनेही तीच मान्य केली आहे. राष्ट्रीय उत्पन्न मोजताना तासाभराच्या कामाचे उत्पादनही धरतात, तेव्हा ते काम करणाऱ्यालाही धरले पाहिजे, हा त्यामागचा विचार आहे. विचार सुसंगत आहे. मात्र 'कामकरी' या शब्दाचा अर्थ 'पोटापुरते मिळविणारा' असा नाही, हे वाचणाऱ्याने विसरता कामा नये.

रकाने आणि त्यांचे क्रमांक

आता त्या 21 या क्रमांकाकडे येऊ. पाहणीत प्रत्येक व्यक्तीच्या स्थितीला क्रमांक असतो. 11 म्हणजे कोणाला मजुरीवर न ठेवता स्वतःचा धंदा किंवा शेती करणारा. 12 म्हणजे पगारी माणसे ठेवणारा मालक. 21 म्हणजे घरच्या धंद्यात विनामोबदला हातभार लावणारा. 31 म्हणजे नियमित पगारदार. 51 म्हणजे साध्या रोजंदारीवरचा मजूर. सरकारी कामावरच्या मजुरांसाठी 41 आणि 42 हे वेगळे क्रमांक आहेत. 81 म्हणजे बेकार. 91 विद्यार्थी. 92 फक्त घरकाम करणारी व्यक्ती. 93 म्हणजे घरकाम करून शिवाय घरासाठी सरपण, वैरण, रानभाजी गोळा करणारी किंवा घरचे शिवणटिपण करणारी व्यक्ती.

11 पासून 51 पर्यंतचे सारे कामकरी. 81 बेकार. या दोन्हींची बेरीज म्हणजे श्रमबल. 91 पासून पुढचे सारे श्रमबलाच्या बाहेर. बेकारीचा दर म्हणजे शंभर लोकसंख्येमागे किती बेकार असे नव्हे, तर श्रमबलातील शंभरांमागे किती. काम शोधून थकलेला माणूस शोध सोडून घरी बसला, तर तो श्रमबलातूनच बाहेर पडतो आणि बेकारीचा दर उलट खाली येतो.

आई 92 मध्ये गेली असती, तर ती श्रमबलाच्या बाहेर राहिली असती. तिला 21 मध्ये आणले ते म्हशींनी आणि खुरप्याने. तिचा स्वयंपाक, आजीची सेवा आणि पहाटेचे पाणी मात्र अजूनही कुठेच मोजलेले नाही. डेअरीला घातलेले दूध काम ठरते, त्याच दुधाचे घरात लावलेले विरजण ठरत नाही.

गंमत म्हणजे मी स्वतःही त्या रकान्यात शिरलो. नेहमीच्या मुख्य स्थितीत मी 91, विद्यार्थी. पण उन्हाळ्याच्या सुटीत महिन्याहून अधिक शेतावर होतो, म्हणून दुय्यम स्थितीत 21. आणि त्या आठवड्यातल्या रविवारी दोन तास फवारणी केली होती, म्हणून साप्ताहिक स्थितीतही कामकरीच! एका घरात असे तीन 21 झाले.

पंचवार्षिक पाहणीपासून मासिक पाहणीपर्यंत

1972-73 पासून 2011-12 पर्यंत या पाहण्या साधारण पाच वर्षांनी होत असत. एप्रिल 2017 पासून पीएलएफएस या नावाने ओळखली जाणारी अखंड पाहणी सुरू झाली. कागदी पत्रकाच्या जागी टॅब आला. पहिल्या वर्षी, 2017-18 मध्ये, 1,02,113 कुटुंबांतून 4,33,339 व्यक्तींची माहिती घेतली गेली. त्या वेळी प्रत्येक गावातून आठ कुटुंबे घेत आणि घरात दहावी किंवा त्यापुढे शिकलेली माणसे किती यावरून त्यांचे वर्ग पाडीत. सुशिक्षितांची बेकारी नीट दिसावी, हा हेतू.

जानेवारी 2025 पासून रचना पुन्हा बदलली. वर्षाला 22,692 गावे व शहरी गट आणि प्रत्येकी 12 म्हणजे 2,72,304 कुटुंबे, असा नमुना ठरला. निवडलेल्या घरी ओळीने चार महिने जायचे. पहिल्या भेटीत सविस्तर पत्रक, पुढच्या तीन भेटींत मुख्यतः मागील सात दिवसांची विचारपूस. त्यातून देशाचे मासिक आकडे निघू लागले. पहिले मासिक पत्रक 15 मे 2025 रोजी निघाले.

आमच्या घरीही ते गृहस्थ ऑक्टोबरपर्यंत येत राहिले. जुलैत दादा कामकरी. ऑगस्टमध्येही कामकरी. सप्टेंबरमध्ये मात्र तो आधीचे दहा दिवस पुण्याला मित्राच्या खोलीवर राहून शाळाशाळांतून अर्ज देत फिरत होता आणि शेताला हातही लागला नव्हता. त्या भेटीत त्याच्यापुढे 81 पडला. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी आली आणि तो पुन्हा 21 झाला. दादाच्या आयुष्यात या चार महिन्यांत काहीच बदलले नव्हते. पण त्याचा आकडा दोनदा बदलला.

आकडे वाचावे कसे?

एवढे समजल्यावर वर्तमानपत्रातले आकडे मी निराळ्या नजरेने वाचू लागलो. नेहमीच्या स्थितीने बेकारीचा दर 2017-18 मध्ये 6.1 टक्के होता, 2023-24 मध्ये तो 3.2 टक्के झाला. त्याच दोन वर्षी साप्ताहिक स्थितीने मात्र तो अनुक्रमे 8.9 आणि 4.9 टक्के होता. माणसे तीच, फूटपट्टी वेगळी. एप्रिल 2025 चा मासिक दर 5.1 टक्के आला तो साप्ताहिक स्थितीचा. त्याची तुलना 3.2 शी करून 'बेकारी वाढली' म्हणणे म्हणजे हाताने मापलेले कापड गजाने मापलेल्याशी ताडून पाहण्यासारखे आहे.

दुसरे असे, की दर खाली आला तर माणसे कुठे गेली, हेही पाहावे. 2017-18 मध्ये कामकऱ्यांपैकी 52.2 टक्के स्वयंरोजगारात होते, 2023-24 मध्ये 58.4 टक्के. ग्रामीण स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग 24.6 वरून 47.6 टक्क्यांवर गेला. यांत घरच्या धंद्यात विनामोबदला राबणाऱ्या 21 क्रमांकाच्या माणसांचाही समावेश आहे. त्यांत माझ्या आईसारख्या किती, ज्या पूर्वीही राबत होत्या पण आता दिसू लागल्या? आणि माझ्या दादासारखे किती, ज्यांना दुसरे काही मिळाले नाही? एकच टक्केवारी दोन्ही सांगते, म्हणून ती एकटी पुरत नाही. तिच्या शेजारी मिळकत, कामाचे तास आणि शिक्षण यांचे तक्ते ठेवावे लागतात. ते तक्ते अहवालात असतात. आपणच पहिल्या पानावर थांबतो.

तिसरे, नमुना पाहणी प्रमाण चांगले सांगते, पण एकूण डोकी मोजण्यासाठी तिला लोकसंख्येचा आधार लागतो. तो आधार बराच काळ 2011 च्या जनगणनेचा आणि तिच्यावरून केलेल्या अंदाजांचा राहिला आहे. पाया जुना झाला की वरचे मजले जपून वापरावे लागतात.

चौथे, इतर साधने पूरक आहेत, पर्यायी नाहीत. कारखान्यांची वार्षिक पाहणी संघटित कारखान्यांपुरती असते. रोजगार विनिमय केंद्रातील नोंदणीत कित्येक बेकारांची नावे नसतात आणि काही नोकरदारांची असतात. आपल्या राज्याच्या रोजगार हमीचे हजेरीपट किती हातांनी काम मागितले ते सांगतात, पण ज्यांनी मागितलेच नाही त्यांच्याविषयी ते मुके असतात.

आणि पाचवे, आकडा वेळेवर आणि न दडवता बाहेर आला पाहिजे. 2017-18 चा अहवाल रखडला, तेव्हा जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. अहवाल 31 मे 2019 रोजी प्रसिद्ध झाला. दारात आलेल्या अनोळखी माणसाला लोक खरे सांगतात ते या विश्वासावर, की सांगितलेले कुठेतरी जसेच्या तसे पोचेल.

समारोप

दादाला मी हे सारे समजावून सांगितले. त्याचा राग पुरता गेला असे म्हणवत नाही. दिवाळीनंतर एका स्थळाकडची मंडळी आली होती. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, "मुलगा काय करतो?" वडील म्हणाले, "शेती बघतो." मंडळी चहा घेऊन गेली, ती परत काही आली नाहीत. पाहणीने त्याला कामकरी म्हटले, समाजाने बेकार म्हटले. दोघांचीही व्याख्या आपापल्या जागी ठरलेली आहे. या दोहोंमधील अंतर हाच माझ्या मते आपल्या पिढीचा खरा प्रश्न आहे, आणि तो एका आकड्यात मावत नाही.

तरीही मी आकड्यांना नावे ठेवणार नाही. आकडे नसते तर आई 'घरीच असती' एवढ्यावरच राहिली असती. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या दारात असे कोणी टॅब घेऊन आले, तर त्यांना बसायला सतरंजी द्या, पाणी द्या आणि घरातल्या बायकांविषयीचे प्रश्न बायकांनाच विचारू द्या. तुमच्या एका खऱ्या उत्तराला पुढे हजारोंनी गुणले जाणार आहे. उत्तर खोटे असेल, तर तेही तितक्यांनीच गुणले जाईल.